भंडाऱ्याची डबी

फोन आला तेव्हा मी 'खासगी बाजार' नावाच्या पेठेत दादासाठी लोकरीची टोपी घेत होते. अलीकडे त्याला थंडी फार वाजायची. शेजारच्या मिश्राबाई एवढंच म्हणाल्या, "दीदी, आप घर आ जाइए, मास्साब उठ नहीं रहे..." कागदात गुंडाळलेली टोपी हातात घेऊन मी थाटीपुरला घरी पोहोचले, तर दादा खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. आता दोन महिने झाले. रडून झालं. राग मात्र आहे तसाच आहे आणि हे मी त्या रागातच लिहिते आहे, हे वाचणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं.

घरात आम्ही बहीणभाऊ दोघंच. त्याने लग्न केलं नाही, आणि मी नवरा गेल्यावर त्याच्याकडे राहायला आले. दादा एका खासगी शाळेत पीटीचा मास्तर होता. रोज सकाळी मैदानावर मुलांकडून देशाची प्रतिज्ञा म्हणवून घेणं हे वर्षानुवर्षं त्याचं काम. आवाज असा खणखणीत की मागच्या रांगेतल्या जांभया जागच्या जागी थांबायच्या. पुढे शाळेच्या सेक्रेटरीसाहेबांना ही प्रतिज्ञा फिकी वाटायला लागली. त्यांनी सुरुवातीला एक ओळ जोडली, 'ईश्वर को साक्षी मानकर मैं शपथ लेता हूँ'. दादाने ती ओळ कधीच म्हटली नाही. तेवढा वेळ तो ताठ, गप्प उभा राहायचा आणि पुढच्या ओळीपासून सुरू करायचा.

लोकांना वाटलं, मास्तर देव मानत नाही. अहो, देव न मानणारा माणूस रोज पहाटे अंघोळ करून तासभर पूजा करतो का? आमच्या घरात शपथ म्हणजे बेलभंडार. देवघरातल्या खंडोबाच्या टाकापुढे बसायचं, तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा घ्यायचा आणि बोलायचं. एकदा बोललं की जन्माचं बांधलं गेलं. आमच्या आजोबांनी रागाच्या भरात बेलभंडार उचलून सांगितलं होतं की भावाचा उंबरा चढणार नाही. पुढे भाऊ वारला, तेव्हा आजोबा रस्त्यापलीकडे उभे राहून ढसाढसा रडले, पण आत गेले नाहीत. दादाने लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तो म्हणायचा, "अगं, ही लेकरं डबा खायच्या सुट्टीपर्यंत चार वेळा खोटं बोलणार. त्यांना रोज देवाची शपथ घालून रोज ती मोडायला मी कसं शिकवू? देशाला शब्द द्यायचा तर आपल्या जिवावर द्यावा. देवाला मधे जामीन कशाला?"

हे सगळं त्याने सेक्रेटरीसाहेबांना आमच्याच बैठकीत बसून समजावलं होतं. ते मराठीच आहेत, आमच्या ओळखीतले. चहा पिऊन म्हणाले, "मास्तर, बात तर बरोबर आहे तुमची. मीटिंगमध्ये मी तुमच्या बाजूने बोलेन, फिकर नका करू." आठवड्याभरात कमिटीपुढे तक्रार आली की हा माणूस ईश्वर आणि देश, दोघांनाही मानत नाही. खाली सही साहेबांची. शाळेतल्या क्लार्कने दादाला तो कागद गुपचूप दाखवला. मैदान सुटलं, शेवटची दोन वर्षं दादाला लायब्ररीत बसवलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी त्याला आत बोलावलं नाही, तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो फाटकाबाहेर उभा राहिला आणि तिथूनच त्याने झेंड्याला सलाम केला. घरी येऊन शर्ट घडी करून ठेवला. तो शर्ट त्याने पुन्हा घातला नाही. साहेबांविषयी कधी वाईट बोलला नाही. ते मी बोलते.

तेराव्याला साहेब आले. हार घेऊन आले, श्रीखंड दोनदा मागून घेतलं, आणि जेवणानंतर पंगतीतल्या लोकांपुढे उभे राहून म्हणाले, "मास्तर म्हणजे खरे ईश्वरभक्त, खरे देशभक्त." मी उठले. देवघरातून भंडाऱ्याची पितळी डबी आणली, वर बेलाचं पान ठेवलं आणि त्यांच्यासमोर धरली. "साहेब, ती तक्रार तुम्ही लिहिली नव्हती, एवढं हे उचलून म्हणा."

"ताई, हे काय... गलतफहमी झाली आहे तुमची. मी तर त्यांची इतकी इज्जत करत होतो."

"मग उचला."

शेकडो पोरांना रोज देवाची शपथ घ्यायला लावणाऱ्या त्या माणसाचा हात पुढे आला नाही. तो चपला शोधायला लागला, एक उलटी घातली, आणि सगळ्यांच्या देखत जिना उतरला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

दादा असता तर साहेबांना सोडून माझ्यावरच चिडला असता. कुणाला देवाची शपथ घालायची नाही, हा त्याचा नियम, आणि तो मी त्याच्याच देवघरापुढे मोडला. त्याबद्दल त्याची क्षमा रोज पूजेला बसल्यावर मागते... साहेबांना क्षमा नाही. टोपी अजून कागदातच आहे. डबी पुसून टाकाशेजारी ठेवली आहे, पण झाकण लावलेलं नाही. हे ज्या पेपरात छापून येईल, तो साहेब वाचतात, मला ठाऊक आहे. वर्षश्राद्धाला जरूर या. बेलाचं पान मी ताजं आणून ठेवीन.