पत्र्याची शेवंती

घासलेटचे रिकामे डबे कापून, पाकळ्या वितळवलेल्या कथलाच्या डाखानं जोडून मी फुलं करायचो. बाशिंगाला आमचीच, मोहरमच्या ताबूतालाही आमचीच. निजामाच्या राज्यात गंगाखेडात दुसरा फूलवाला नव्हता, म्हणून माझा धंदा चालला; हातात कसब होतं म्हणून नव्हे. एका नवरदेवाच्या बाशिंगाची निम्मी फुलं मांडवात पोचेपर्यंत वाटेतच गळाली होती.

बायको उंबऱ्यात बसून प्रत्येक फुलाची पाकळी ओढून बघायची. पाकळी तिच्या हातात यायचीच.

"अहो, ह्यो डाख हाय का थुका?"

"तू ओढूच नको ना."

"मी न्हाई ओढली तर लोक ओढतेत."

ती आजारी पडली ती ऐन वैशाखात. हकिमाचे काढे झाले, अंगारे झाले. तिला कळून चुकलं होतं. एक दिवस म्हणाली, "सवाष्ण जायलेय मी. माझी वेणी रिकामी ठिवू नका."

गाव धुंडाळलं. विहिरी आटलेल्या, फुलझाडांच्या काटक्या झालेल्या. शेवटी पत्रा घेतला आणि शेवंती कापायला बसलो. जन्मात दिला नव्हता असा भरपूर डाख दिला. तिनं अंथरुणातनं पाकळी ओढली. हलली नाही. परत ओढली.

"लय उशिरा शिकलात," म्हणाली, आणि हसली.

ती गेली तेव्हा मी स्वतः तिच्या वेणीत ती शेवंती माळली. माझी चुलती पुटपुटली, "सरणावर लोखंड कशाला रं?"

"फुलंच हायती ती, काकू," मी म्हणालो.

राख सावडायला गोदावरीच्या, आमच्या गंगेच्या काठी गेलो. राखेत बोटं घातली तर काळ्या पाकळ्या हाताला लागल्या, एकेक सुटी. डाख आगीत वितळतो हे पत्रेवाल्याच्या पोराला कळतं. मी तर सारा जन्म डाख वितळवूनच पोट भरलं होतं, अन् ते मलाच सुचलं नव्हतं! मला हसूच फुटलं. सोबतच्यांना वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. मग हसू कुठं थांबलं आणि रडं कुठं लागलं, मलाही कळलं नाही. कुणीतरी धरून मला पाण्यापासून मागं ओढलं.

पाकळ्या धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणल्या.

पुढं मी डाख सोडला. बारीक खिळा ठोकून फुलं करू लागलो. कितीही ओढा, पाकळी हलत नाही. एक फूल झालं की अजून उंबऱ्याकडं धरतो, आणि जरा वेळानं हात खाली घेतो.