एका शाफ्टसाठी भोसरी ते चाकण

भोसरीची एमआयडीसी गुरुवारी बंद असते, आपल्या नाशिकच्या सातपूरला शनिवारी असते तशी. हे ठाऊक असूनही बुधवारी पिंपरीत एका पाहुण्याला शब्द देताना माझ्या लक्षात आलं नाही.

पिंपरीत छोट्या देशांच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण चालू होतं. मी त्याची बातमी करायला नाशिकहून एसटीने गेलो. तिथे इद्रिस भेटले. हिंद महासागरातल्या एका लहान बेटदेशाचं पाणीपुरवठा खातं ते सांभाळतात. बंदर आणि निवडणुकाही त्यांच्याचकडे. बॅगेतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला, हातभर लांबीचा एक दांडा काढला. बेटावर पिण्याचं पाणी चढवणारे दोन पंप आहेत. त्यातल्या बंद पडलेल्या पंपाचा हा झिजलेला शाफ्ट. दुसरा पंपही आवाज करू लागला होता. तो थांबला, तर पाणी जहाजाने आणावं लागणार होतं.

"पंपाची कंपनी म्हणते, कमीत कमी शंभर नग घ्या," इद्रिस म्हणाले. "माझ्या देशात पंपच दोन."

त्यांचं विमान शुक्रवारी पहाटे होतं. उद्या भोसरीत करून घेऊ, असं मी सांगून टाकलं.

सकाळी आम्ही दोघं संत तुकाराम नगरहून रिक्षाने भोसरीला गेलो. गल्लीगल्लीत शटर खाली. चहाची एक टपरी तेवढी उघडी होती.

"आज बेस्तरवार (गुरुवार). लाइट न्हाई, कोण येतंय?" टपरीवाला म्हणाला. माझा चेहरा पाहून त्याने मागच्या घराकडे बोट केलं. "बबनरावास्नी इचारा."

बबनराव मूळ भोसरी गावातले. घराला लागूनच लेथवर लोखंड कातायचं त्यांचं वर्कशॉप. अंगणात ते स्कूटर धूत होते.

"किती नग?"

"एक," मी म्हणालो आणि इद्रिस कुठून आलेत ते सांगितलं.

"एका नगासाठी समुद्र वलांडून आलं व्हय पाव्हणं?" त्यांनी हात पुसून शाफ्ट फिरवून पाहिला. "ड्रॉइंग कुठंय?"

ड्रॉइंग नव्हतं. पंप सांभाळणारा एकुलता एक इंजिनिअर देश सोडून गेला, त्यानंतर कागद कुणालाच सापडले नाहीत. मी हे मराठीत सांगितलं.  बबनरावांनी चाकणला वर्कशॉप असलेल्या मेव्हण्याला फोन लावला.

"तुझी सुट्टी रविवारची ना? एक लेथ मोकळी ठेव. न्हाई राव, पाव्हण्यांचं काम हाय."

त्यांच्या पत्नीने जेवल्याशिवाय निघू दिलं नाही. मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी) आणि तिखट रस्सा. इद्रिस घाम पुसत जेवले आणि वडी पुन्हा मागून घेतली.

मोशीच्या पुढे कंटेनरांच्या रांगेत तासभर अडकलो. शेजारच्या ट्रेलरवर नव्या मोटारी होत्या. इद्रिस दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होते.

चाकणच्या शेडमध्ये बबनराव स्वतः लेथवर उभे राहिले. बेअरिंगची जागा झिजली होती, पण तिच्या कडेला मूळ माप शिल्लक होतं. त्यावरून त्यांनी पहिला शाफ्ट कातला, मोजला आणि बाजूला टाकला. "केसभर बारीक झाला." मग दुसरा कातला आणि त्यावर मेव्हण्याकडचं त्याच मापाचं बेअरिंग चढवून पाहिलं. बेअरिंग हलक्या ठोक्याने जाऊन बसलं. इद्रिस शेजारच्या ड्रमवर खाली बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बबनरावांनी तोवर आणखी एक सळई लेथला लावली होती.

"एकच हवा होता," मी आठवण करून दिली.

"एकावर देश चालवायचा व्हय?"

मग वहीच्या दोन पानांवर त्यांनी मापांसह आकृती काढली. एक पान इद्रिसना दिलं, एक स्वतःच्या खिशात ठेवलं.

इद्रिस गाडी करून परत गेले. मी चाकणहूनच नाशिकची एसटी धरली. प्रशिक्षणाच्या टिपणांत धोरण, निधी, मनुष्यबळ असे शब्द भरले होते. ते खोटे नव्हते. पण एक नग करून देणारा माणूस आणि मापांचा एक कागद नसल्यानेही एखादा देश अडून बसतो, हे त्यांत कुठेच नव्हतं.

दोन आठवड्यांनी इद्रिस यांचा निरोप आला: पंप चालू झाला, जादाचा शाफ्ट कपाटात आहे. मी तो बबनरावांना कळवला. त्यांचं उत्तर लगेच आलं.

"ग्रीस लावून ठेवा म्हणावं. समुद्राची हवा हाय, गंज धरंल."