शेवंतीमावशीचा नकार

मी नर्स. भुतंखेतं, अंगात येणं — असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले. पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय... आणि मी एकटीने नाही!

गोवा वेगळं राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. डिचोलीतल्या एका नव्या खाजगी हॉस्पिटलात मी नुकतीच लागले होते. एक दिवस नार्व्याहून माझा मामा शेवंतीमावशीला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, घेऊन आला. मावशी जन्मापासून मुकी-बहिरी. वय चौतीस. आजार काही नव्हता, पण मामाला तिची गर्भपिशवी काढून हवी होती.

"दर म्हयन्याचें तिचें कोण करतलो?" तो म्हणाला.

"पण मामा, मावशीला विचारलंस?"

"तिका कितें कळटा? पालक हांव!" आणि पालक म्हणून त्याने फॉर्मवर सही ठोकली. माझी नोकरी नवी... मी फॉर्म फाइलला लावला.

सकाळचे अकरा. डॉक्टर, मामा आणि मी, आम्हा तिघांसमोर मावशी स्ट्रेचरवर, ओठ मिटलेले. डॉक्टर फॉर्म वाचत होते — आणि टेबलावरचा फोन वाजला!

त्या फोनला लाइनच नव्हती हो! नुसता डबा आणून ठेवलेला, कनेक्शन यायचं होतं. गुंडाळलेली वायर मला समोर दिसत होती.

डॉक्टरांनी रिसीव्हर उचलला. बाईचा आवाज, इतका खणखणीत की आम्हा तिघांनाही ऐकू आला —

"हांव शेवंती. म्हाका कोणेंच विचारूंक ना. म्हाका हें नाका." मी शेवंती, मला कुणी विचारलंच नाही, मला हे नको — असं कोकणीत, अगदी स्वच्छ!

मामा पांढराफटक पडला. मी मावशीकडे पाहिलं... ओठ तसेच मिटलेले!

डॉक्टरांनी कागदावर गर्भपिशवीचं चित्र काढलं. "सिस्टर, तुमच्या घरच्या खुणांनी तिला सगळं समजावा."

मी समजावलं. मावशीने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले आणि जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही!

"पण सही म्हजी आसा!" मामा ओरडला.

"सही तुमची आहे," डॉक्टर म्हणाले, "पोट तिचं आहे."

ऑपरेशन रद्द!

पुढे मामा कायदेशीर पालक व्हायला कोर्टात गेला. न्यायाधीशांनी माझ्यामार्फत मावशीलाच विचारलं आणि अर्ज फेटाळला. मावशी माझ्याकडे राहायला आली.

एकदा मी तिला खुणेने विचारलं, "त्या दिवशी तू बोललीस?" तिने गोंधळून खांदे उडवले आणि ती पुन्हा बांगडे साफ करायला लागली.

तो आवाज मला आजही जसाच्या तसा आठवतो. कुणाचा होता, ते मात्र आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता आलेलं नाही...