चादरीवरचा डाग

उद्या सकाळी माझी थोरली लेक माईकसमोर खरं बोलली, तर तिची गिऱ्हाइकं तुटतील. नाही बोलली, तर ते जन्मभर तिच्या मनाला खात राहील. यातल्या कशाची धास्ती मला जास्त आहे, तेच कळत नाही. झोप तर उडालीच आहे.

घरात तिला सगळे 'इस्त्री' म्हणतात. लहानपणी ती वाचून झालेल्या वर्तमानपत्राचीसुद्धा कडक घडी घालायची. लग्नानंतर तिनं सासरच्या पुढच्या खोलीत लाँड्री काढली. मागे बोअर, दोन मशिनं आणि वाळत घालायच्या दोऱ्या. विहीणबाई कपड्यांना खुणेचे दोरे घालतात. जावई जवळच्याच रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर आहेत. त्या कारखान्याच्या विश्रामगृहातल्या चादरी, हे तिचं सगळ्यात मोठं काम.

कारखान्याचं सांडपाणी मुरून बोअरचं पाणी बिघडलं, हे सगळ्यात आधी तिलाच कळलं. पांढरे कपडे पिवळट निघायला लागले. दुसरी कोणी असती तर बोंब मारली असती. हिला वाटलं, लोक आपल्याच कामाला नावं ठेवतील. तिनं गुपचूप लांबून टँकर मागवायला सुरुवात केली. रंगीत कपडे बोअरच्या पाण्यात, पांढरे टँकरच्या, वर थोडी नीळ. कुणाला पत्ता लागला नाही.

कारखान्यांच्या बाबतीतली आमच्याकडची लोकशाही वयानं हिच्याहून लहान आहे. पूर्वी कारखाना वाढवायचा तर नुसता वरून हुकूम यायचा. आता लोकांना विचारावं लागतं. म्हणून गेल्या महिन्यात शाळेच्या वरच्या सभागृहात जनसुनावणी झाली. मी हिच्या शेजारीच बसले होते. खालच्या गल्लीतली एक बाई गढूळ पाण्याची बाटली घेऊन उठली. तिची मुलं तेच पाणी पितात. कारखान्याच्या मॅनेजरांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीतून एक चादर काढून झटकली.

"ही तुमच्याच गावातल्या लाँड्रीत, इथल्याच पाण्यात धुतलेली आहे. दाखवा बरं कुठे डाग!"

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आधी बाटली धुवून आणा!" हशा पिकला. ती बाई खाली बसली. इस्त्री चादरीकडे बघत राहिली. घडी तिनंच घातलेली होती.

उद्या तिथेच शेवटची सुनावणी. आज संध्याकाळी मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिनं तसलीच एक चादर मुद्दाम बोअरच्या पाण्यात धुऊन दोरीवर टाकली होती. जुन्या दातांचा असतो तसा रंग.

"ही नेणार आहे उद्या," ती म्हणाली.

जावई दारात चपला काढत होते. "ने की. जाताना माझा डबापण ने, कुणाला तरी देऊन टाक. परवापासून मला कुठे लागणार आहे?"

"आणि टँकरचं?" मी विचारलं. "इतके दिवस लपवलंस, लोक काय म्हणतील?"

"लबाड म्हणतील. म्हणू देत. आई, माझ्या चादरीनं त्या बाईला खाली बसवलं गं."

विहीणबाईंनी दातानं दोरा तोडला. "टँकरवाल्याला चहा मीच द्यायचे. मग मीपण लबाडच की!"

जावई चपला कोपऱ्यात सारून आत गेले. आईपुढे त्यांचं काही चालत नाही.

निघताना मी हिला म्हटलं, "नीट विचार कर." तिचा विचार झालेला होता, हे दिसत असूनही म्हटलं. आता घरी आल्यापासून एकच चित्र डोळ्यांपुढे येतंय. लेक चादर घेऊन उठली आहे, मागचे हसताहेत, जावई मान खाली घालून बसलेत. विहीणबाई तिथे असत्या तर ते असे बसले नसते, आणि त्यांच्या धाकानं मागच्यांचंही तोंड उघडलं नसतं. पण गुडघ्यांमुळे त्या जिना चढत नाहीत, तेव्हा त्या येणार नाहीत असंच सगळ्यांनी धरलंय. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्यांना झोप कमी, फोन उशाशीच असतो. गाडी मी सांगेन. जिना आम्ही दोघी एकमेकींच्या हाताला धरून, लागेल तेवढा वेळ घेऊन चढू. त्या रागावल्या तर रागावू देत, आत्ताच लावते फोन.