धरलं म्हटल्यावरच सोडायचं

शिरपूरच्या बियाणे कंपनीत मी झाडायला लागले. दोन वर्षांनी सर्व्हरची खोली माझ्याकडे आली, कारण धूळ साचली की मशीन तापायची आणि रोज धूळ पुसणारी मीच होते.

सगळं बसवून देणारा इंजिनिअर पुण्याला असतो. फोनवर तो एकेक अक्षर सांगतो, मी टाइप करते. चौथी शिकले तरी एबीसीडी येते मला. त्याने समजावलं होतं, या मशीनमध्ये दोन प्रोग्रॅम सतत चालतात, पण दिसत नाहीत. एक बाहेरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या, डब्यातून कंपनीच्या मेल आणतो, दुसरा त्या कायमच्या जपून ठेवतो. ते दोन्ही चालू आहेत का पाहायचं, बंद पडले तर सुरू करायचे आणि वहीत लिहायचं, हे माझं काम.

मी चारचौघांत बोलत नाही. म्हणून साहेबांना वाटलं असेल, ही ऐकून घेईल.

सोयाबीनच्या उगवणीचा अहवाल प्रयोगशाळेने मेलने पाठवला होता आणि आमच्याकडे तो कुठेच नव्हता. साहेबांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं.

"झाडताना वायर ओढली असन तूनं."

"नाई ओढली."

"मंग मेल काय पाखरानं नेली?"

ऑफिसातला टायपिस्ट हसला. माफीचा कागद त्यानेच तयार करून ठेवला होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं त्यात होतं. तो शब्द मी दोनदा वाचला.

"सही कर ना, कायले वाढवून राह्यली? खोलीचं काम दुसऱ्याले देतो. झाडणं हाय ना तुले."

"जे केलं नाई त्याच्यावर सही कायले करू?" म्हटलं. कागद तिथेच ठेवून बाहेर आले.

वही काढली. अहवाल पाठवला त्या दिवशी दुपारी लाइन गेली होती आणि इन्व्हर्टरची बॅटरी महिनाभरापासून बसलेली. लाइन आल्यावर मशीन सुरू केली की पडद्यावर दोन आकडे येतात, किती मेल आणल्या आणि किती ठेवल्या. मी ते उतरवून घेते. त्या दिवशी आणल्या अकरा, ठेवल्या दहा. मागची पानं उलटली. लाइन गेलेल्या आणखी दोन दिवशीही एकेक कमीच. म्हणजे मेल आधीपासून हरवत होत्या, कोणी शोधल्या नव्हत्या एवढंच.

इंजिनिअरला फोन लावला.

"भाऊ, आणणारा बाहेरच्या डब्यातली मेल पुसते कधी?"

"आणली की लगेच, ताई. डबा भरू नये म्हणून."

"अन् ठेवणाऱ्यानं अजून ठेवलीच नसन तं?"

तो प्रोग्रॅम उघडून पाहायला लागला.

"तुराट्यांचा भारा डोक्यावर देताना समोरची 'धरलं' म्हणेपर्यंत आमी हात सोडत नाई. तुमचा आणणारा पयलेच सोडते."

"पण ताई, ठेवल्यावर पुसायचं आणि मध्येच लाइट गेली, तर तीच मेल दोनदा येईल."

"दोनदा आली तं एक काढता येते. गेलेली कुठून आणू?"

प्रोग्रॅम बदलायला त्याला दोन दिवस लागले. आता ठेवणारा 'ठेवली' असं कळवतो, तेव्हाच आणणारा बाहेरची मेल पुसतो.

मग मी साहेबांना म्हटलं, सगळ्यांना खोलीत बोलवा. इंजिनिअरला वीस मेल पाठवायला सांगितलं. मेल येताना पडद्यावर दिसत होत्या. मधेच मी सगळ्यांदेखत भिंतीतून वायर उपटली.

"अवं, पागल झाली काय!" साहेब ओरडले.

वायर परत लावली. मशीन सुरू व्हायला वेळ लागला. सगळ्या मेल येऊ दिल्या आणि मोजल्या. ठेवलेल्या निघाल्या एकवीस. एक दोनदा आली होती, तिच्यावर बोट ठेवून दाखवलं.

"लाइन गेली तं मेल जात होती. आता वायर उपटली तरी जात नाई. खोट प्रोग्रॅमात होती, माह्या हातात नाई."

साहेबांनी माफीचा कागद फाडला नाही, घडी करून खणात टाकला. राहू दे तिथेच, बिनसहीचा. खोलीची किल्ली मी मागितली नाही. ती माझ्या कमरेलाच होती.

"बरं बरं," साहेब म्हणाले. "चहा ठेव सगळ्यांले."

"जास्तीची मेल काढते पयले," म्हटलं, आणि ते उभे असताना मी खुर्चीवर बसले.