पत्रिकेवरचा आनंद गमरे

तुमच्या ओळखीत आज एक तरी कोंडीराम आहे का? पणजोबांचं नाव सांगू नका. हाक मारली तर ‘ओ’ देईल असा चालताबोलता कोंडीराम विचारतोय मी. नाही ना? धोंडू? दगडू? भिकाजी? हुडकून बघा. नाटकात घरगडी दाखवायचा असला की त्याला मात्र हमखास धोंडू करतात. खांद्यावर फडकं टाकून तो आला, की त्यानं तोंड उघडायच्या आधीच पुढच्या रांगा हसायला लागतात. माझं डोकं फिरतं. ज्या नावानं आमच्या आयांनी आम्हाला हाका मारल्या, ते नाव ऐकून हसायला काय झालं तुम्हाला?

मी ओळखत होतो तो कोंडीराम हसण्यावारी न्यायचा माणूस नव्हता.

कोंडीराम रामजी गमरे. मूळचे चिपळूणकडचे, राहायला परळला आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून. गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होते. सगळी चाळ त्यांना दादा म्हणायची. कापड विणायच्या साच्यावर आमच्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आमचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यांना चालत नसे. दादा हे सांगायचे ते पान लावता लावता, अगदी शांतपणे. मी ऐकूनच पेटायचो. मग तेच मला म्हणायचे, “अरे, गार हो. तुझ्यावर चहा उकळेल.”

गोष्ट अठ्ठावन्न सालची. संयुक्त महाराष्ट्राचं रण पेटलेलं, रोज कुठं सभा, कुठं मोर्चा. मी समितीच्या आमच्या शाखेचा चिटणीस. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयात, मोर्च्यात आणि दोनदा तुरुंगात शिकलो. त्याच्या दीडेक वर्ष आधी धम्मदीक्षा झाली होती, आणि दीक्षेपाठोपाठ चाळीत नवी नावं घ्यायची लाट आली होती. ती लाट आणण्यात माझा हात मोठा. जिन्याखाली टेबल टाकून बसायचो आणि येईल त्याला नाव सुचवायचो. बघता बघता चाळीत चार गौतम झाले, तीन सिद्धार्थ झाले. अडचण एकच. नवं नाव घेतलेल्या माणसाला स्वतःलाच ते आठवायचं नाही.

मोर्च्याच्या दिवशी सकाळी चाळ उठवायचं काम दादांकडे असे, कारण तसा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता. एकदा मी बजावलं, “दादा, आजपासून नव्या नावानं हाक मारायची.”

“तुझा हुकूम,” ते म्हणाले, आणि गॅलरीत उभं राहून त्यांनी हाळी दिली, “अरे गौतमा! ए सिद्धार्था! उठा रे!”

चाळ ढाराढूर. कुणी कूस बदलली नाही.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. “आता जुनी चावी लावून बघू?” आणि ओरडले, “ए दगड्या!”

तीन दारं उघडली.

आख्खी गॅलरी हसली, मी नाही. मला चीड आली होती. त्याच आठवड्यात मी दादांना त्यांच्या खोलीत गाठलं. “दादा, सगळ्यांनी बदललं, तुम्हीच का अडून बसलात? कोंडी म्हणजे काय? कोंडा. दळल्यावर उरतो तो. जनावरापुढं टाकतात. आपल्याला माणसात यायचंय का नाही?”

त्यांच्या पत्नी राधाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांचे हात थांबले. दादा मात्र रागावले नाहीत. त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं.

त्यांच्या आधी त्यांच्या आईची चार मुलं गेली होती. एकही वर्षाचं झालं नाही. पाचवा हा. वाडीतल्या बाया म्हणाल्या, हिच्या लेकरावर मरणाचा डोळा आहे, तेव्हा हे लेकरू हिचं नाहीच असं करा. मग पाचव्या दिवशी आईनं बाळ सुपात घातलं आणि उंबऱ्यावरून शेजारच्या जाईबाईच्या हातात दिलं. जाईबाईची स्वतःची मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. त्या बाईनं एका बाजूला आपली आणि एका बाजूला हा, असं एक दिवस आणि एक रात्र पाजलं. दुसऱ्या दिवशी आई सूपभर कोंडा घेऊन तिच्या दारात गेली आणि तो देऊन बाळ मागून घेतलं. लोकाचं पोर कोंड्यावर घेतलं, म्हणून कोंडीराम. मरण पुन्हा आलं असेल तर त्याला रामजी गमरेच्या घरात फक्त लोकाचं पोर दिसलं असेल.

“आईला जाऊन वीस वर्षं झाली,” दादा म्हणाले. “जाईआय आहे. माझ्या लग्नात आईच्या जागी तीच उभी होती. कारण देण्याघेण्यात मी तिचाच. माझी आई मला मागून घेऊन आलेली.”

मी म्हणालो, “ही अंधश्रद्धा आहे.”

“असेल,” ते म्हणाले. “पण मी जगलो ना?”

हरलो की मी हट्टाला पेटायचो. तेव्हाही तसंच झालं.

एप्रिलात दादांच्या मुलीचं, कांताचं लग्न ठरलं. मुलगा वरळीच्या बीडीडी चाळीतला. आमच्या चाळीतलं बौद्ध पद्धतीचं ते पहिलंच लग्न. भटजी नाही, होम नाही, अक्षतांऐवजी फुलं, वधूवरांना पांढरी वस्त्रं. कांतानं आपण होऊन सुजाता हे नाव घेतलं, मोठ्या हौसेनं. पत्रिका छापून आणायचं, पत्ते घालायचं, पोस्टात टाकायचं काम दादांनी विश्वासानं माझ्यावर सोपवलं. त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं, वाचन असं नव्हतं. त्यांची अट एकच होती, “जाईआयला पहिली पत्रिका. ती आल्याशिवाय लग्न लागणार नाही.”

लालबागच्या छापखान्यात मी मजकूर लिहून दिला. वधूपित्याच्या नावापाशी पेन थांबलं. आपलं पहिलं बौद्ध लग्न, पत्रिका साऱ्या वरळीत फिरणार, आणि त्यावर कोंडीराम? मी लिहिलं, आनंद गमरे. वाटलं, छापलेलं बघितलं की दादा खुलतील. संध्याकाळपर्यंत सगळ्या पत्रिका पोस्टात पडल्या. दादांच्या हातात एक दिली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, वरचं धम्मचक्र बघितलं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपाशी ठेवली. मी काही बोललो नाही. लग्नात जाहीर करू म्हटलं.

लग्न रविवारी. बुधवारी दादांचा भाचा शिवा काम शोधायला गावाहून आला. बोचकं खाली ठेवायच्या आधी म्हणाला, “मामा, तुमच्याकडं कुणी आनंद गमरे आहे का? वाडीत आठ-दहा पत्रिका आल्यात, कुणाची काय पत्ताच लागत नाही. गुरुजींनी वाचली. सुजाता म्हणे, आनंद गमरेची पोर. गमरे तर अर्धी वाडी आहे, आनंद कोण?”

“आणि जाईआय?” दादांनी विचारलं.

“ती म्हणाली, चुकून आली असेल, परत धाडा. कोंड्या आपल्या पोरीचं लग्न मला सांगितल्याबिगर करायचा नाही.”

राधाबाईंनी तसबिरीपाशी ठेवलेली पत्रिका काढून शिवाच्या हातात दिली. त्यानं वाचून दाखवली. मग दादा माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला.

“दिल्लीवाले आपल्याला न विचारता मुंबईचं काय करायचं ते ठरवतात, म्हणून तू मैदानात गळा फोडतोस. बरोबर?”

“बरोबर.”

“मग मला न विचारता माझं काय करायचं ते ठरवणारा तू कोण रे?”

लाठ्या खाल्ल्यात मी, पण असा फटका कधी बसला नव्हता. तरी माझी मान ताठच. म्हणालो, “तार करू. आत्ता करू.” आणि पळालो. तारेवर इंग्रजीत तीन-चार शब्द गेले. मुलीचं लग्न, रविवार, ये. खाली नाव, कोंडीराम. ते मात्र या वेळी मी दोनदा तपासलं.

आता एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार. कोकणातल्या वाडीत त्या काळी तार वाचत नसत. तार आली म्हणजे माणूस गेला. तारवाला शुक्रवारी बांधावरून येताना दिसला, तेव्हाच बायांनी पदर तोंडाला लावले. “कुणाची?” “मुंबईहून. कोंडीरामची.” बस. गुरुजी तालुक्याला गेलेले, कागद कुणी उघडलाही नाही.

रविवार उजाडला. चाळीच्या पटांगणात मांडव. समितीचा लाऊडस्पीकर मागून आणलेला, त्याच्यावर ‘झालाच पाहिजे’ असं रंगवलेलं तसंच. वऱ्हाड वेळेवर हजर. दहा वाजले, साडेदहा वाजले. मुलाचे चुलते गंगाधर, तापट माणूस, दर पाच मिनिटांनी घड्याळ काढत होते. “गमरे, कुणाची वाट बघायची?” दादा गॅलरीतून रस्त्याकडे डोळे लावून उभे. “माझ्या आईची.” “तुमची आई तर कधीच वारली म्हणे?” “दुसरी आहे.” गंगाधर माझ्याकडे बघून पुटपुटले, “बौद्ध लग्नाला मुहूर्त नसतो हे खरं, पण दुपारचं जेवण तरी असतं का नाही?”

पावणेअकराला फाटकातून रडणं ऐकू आलं.

पुढं एक म्हातारी, तिचा हात धरलेला तिचा मुलगा, मागं वाडीतली चारपाच माणसं, बोटीतून उतरून भाऊच्या धक्क्यावरून थेट आलेली. म्हातारीनं पटांगणात पाऊल टाकलं आणि बघितलं काय, तर शे-दीडशे माणसं जमलेली, सगळी पांढऱ्या कपड्यात, आणि मधोमध कांता, तीही पांढऱ्या लुगड्यात. झालं! तिनं छाती बडवून घेतली.

“कोंड्या रं! माझ्या वासरा! मला म्हातारीला ठेवून तू कसा गेलास रं, कोंड्या!”

तिच्यामागं वाडीतल्या बायांनी सूर धरला. लाऊडस्पीकरचा मायक्रोफोन चालूच होता. ‘कोंड्या रं’ सगळ्या परळभर गेलं. वऱ्हाडी उठून उभे राहिले. आणि दादा जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत धावले, “आये! आये, मी जिता हाय!”

म्हातारीनं वर पाहिलं. त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, कान चाचपले. मग दोन्ही हातांनी त्यांना मारायलाच लागली. “मेलास तर मेलो म्हण, जिता असलास तर जिता म्हण! तार कसली धाडतोस, मुडद्या?” मारता मारता तिनं त्यांना कवटाळलं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस तिच्या खांद्यावर डोकं टेकून मांडवात हुंदके देत होता. गंगाधरांनी घड्याळ खिशात घातलं ते परत काढलं नाही.

राधाबाईंनी तिला पाणी दिलं, खुर्चीवर बसवलं, सगळं सांगितलं. जाईबाईनं विचारलं, “आनंद कोण केला म्हणे तुम्ही?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झालो.

“तुझं नाव काय?”

“विवेक.”

“ते आत्ताचं. आधीचं?”

गेलं दीड वर्ष ते मी कुणाला उच्चारू दिलं नव्हतं. “केरू,” मी म्हणालो.

“आयनं ठेवलेलं?”

“नाही. बापानं वेगळं सांगितलं होतं. खोताच्या कारकुनानं केऱ्या लिहिलं, केरकचऱ्यातला.”

म्हातारी म्हणाली, “मग बदललंस ते चांगलं केलंस. ते त्यानं तुझ्यावर फेकलेलं. ह्याला मी पाजलेला आहे. जा, नीट सांग लोकास्नी.”

मी माफी मागणारा माणूस नाही. चाळीत कुणालाही विचारा. त्या दिवशी मायक्रोफोन हातात घेतला आणि वऱ्हाडासमोर सांगितलं, पत्रिकेवर छापलेला आनंद गमरे नावाचा माणूस या चाळीत राहत नाही; तो मी न विचारता बनवला, त्याची माफी असावी; वधूचे वडील कोंडीराम रामजी गमरे, आणि त्यांच्या आई जाईबाई आलेल्या आहेत, तेव्हा सुरुवात करू या. टाळ्या पडल्या का नाही ते आठवत नाही. जाईबाईनं सुजाताच्या डोक्यावर पहिली फुलं टाकली, एवढं आठवतं.

दोन वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या दिवशी परळ नाचत होतं, आणि दादा गॅलरीतून प्रत्येकाला त्याच्या जुन्या नावानं बोलावून पेढा देत होते. मला मात्र त्यांनी विवेकच म्हटलं. केरू एकदाही नाही. त्यांना फरक कळत होता.

पुढं कांताला मुलगा झाला, परळच्याच इस्पितळात. मीच म्हणालो, “दादा, कोंडीराम ठेवू या का?” आता मीच नावाच्या प्रेमात पडलो होतो. ते हसले. “वेड लागलंय का? पोरं आता जगतात. बाळंतपणाला दवाखाना आहे, टोचायला नर्स घरी येते. मग कोंडा कशाला?” नातवाचं नाव सुमेध ठेवलं, त्यांनीच.

म्हणून म्हणतो, ती नावं गेली याचं नुसतं रडगाणं गाऊ नका. काही नावं लोकांनी आमच्यावर फेकलेली होती, ती आम्ही झटकून टाकली, बरं झालं. काही नावांमागं चार मेलेली लेकरं होती आणि एक आई होती जी पाचव्याला सोडायला तयार नव्हती. भीती गेली, नाव गेलं. जाऊ दे. पण कुठलं फेकलेलं आणि कुठलं जपलेलं, हे सांगणारी माणसंही आता जात चालली आहेत. जाईबाई गेली, दादा गेले. आमच्या चाळीत आज कोंडीराम हे नाव कुणाच्याही तोंडी नाही.

तुमच्या घरात अजून कुणी म्हातारं माणूस असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि आत जाऊन त्याला विचारा, तुमच्या आजोबांचं नाव कुणी ठेवलं होतं आणि का. सांगेल ते मध्ये न बोलता ऐका, आणि आजच्या आज लिहून ठेवा.