शोकसभेतला आयत्या वेळचा विषय

माझे पती गेल्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या संघटनेने शोकसभा ठेवली. अभियंते आणि अभियांत्रिकीचे प्राध्यापक यांची ही संघटना. विद्यापीठातल्या मुलांसाठी व्याख्याने ठेवायची, त्यांना सातपूर-अंबडचे कारखाने दाखवायचे, त्यांच्या प्रकल्पांना हात द्यायचा, हे तिचे काम. नाशिक शाखेचे सचिवपद ह्यांच्याकडे इतकी वर्षे होते की शाखेच्या कपाटाची किल्ली आमच्या घरी चहाच्या डब्याशेजारी असे. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते. चार माणसांत बोलायचे म्हटले की माझा घसा कोरडा पडतो, म्हणून मी सभांना कधी गेले नाही. पण तिथली भांडणे मला संध्याकाळच्या चहाबरोबर घरपोच मिळत.

शेवटचे भांडण स्पर्धेवरून झाले होते. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी ह्यांनी यंत्रांची स्पर्धा सुरू केली होती आणि तिला एकच नियम ठेवला होता. यंत्र परीक्षकांसमोर सुरू करून दाखवायचे. या नियमापायी पुष्कळ गोंधळ झाले. लासलगावकडच्या एका मुलाने कांदे लहान-मोठे निवडणारे यंत्र आणले होते. बटण दाबताच त्याने कांदे निवडायचे सोडून पहिल्या रांगेत फेकायला सुरुवात केली. प्रमुख पाहुण्यांनी दोन चुकवले, तिसरा कपाळावर घेतला. ह्यांनी त्या मुलाला उत्तेजनार्थ बक्षीस दिले. घरी आल्यावर म्हणाले, "अगं, नेम किती अचूक होता!"

ह्यांची तब्येत बिघडल्यावर जे नवे सचिव आले ते संगणक विभागाचे प्रमुख. माणूस सज्जन, नीटनेटका. त्यांचे म्हणणे असे, की टेम्पो, वायरी, हॉलच्या गालिच्यावर ऑइल हे सगळे कशाला? मुलांनी घरूनच पीपीटी आणि व्हिडिओ पाठवावेत.

"व्हिडिओत सगळीच यंत्रं सुरू होतात," असे हे सभेत म्हणाले आणि वाद वाढला. शेवटी विषय पुढच्या सभेवर ठेवला गेला. हे घरी आले, ताट पुढे घेऊन नुसतेच बसले. "पुढच्या सभेत बघतो मी," म्हणाले. पुढची सभा ती ही शोकसभा.

हे मला तिथे पोचल्यावर कळले. खुर्चीवर कार्यक्रमपत्रिका ठेवलेली होती. नव्या सचिवांनी संगणकातली ह्यांचीच जुनी पत्रिका उघडून वर फक्त 'शोकसभा' असे टाकले होते. बाकी सगळे तसेच होते. मान्यवरांचे स्वागत, मागील सभेचे इतिवृत्त, आयत्या वेळचे विषय, आभार, चहापान. श्रद्धांजली आणि स्तब्धता मधे कुठेतरी बसवली होती.

एकदा छापल्यावर पत्रिकेबाहेर जायचे नाही, ही या मंडळींची शिस्त. स्वागताची वेळ आली तेव्हा सचिव सवयीने शाल आणि नारळ घेऊन माझ्याकडे निघाले. निम्म्या वाटेत त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी नारळ ह्यांच्या फोटोपुढे ठेवला आणि शाल हातावर टाकून तसेच उभे राहिले. शेवटपर्यंत ती त्यांच्या हातावर होती.

नंतर त्यांनी डोकी मोजली. शाखेच्या सभेला पुरेशी माणसे कधीच येत नसत. सभा तहकूब व्हायची, मंडळी चहा प्यायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी तीच माणसे पुन्हा सभा भरवायची. आज मागे उभे राहायलाही जागा नव्हती. सचिव भारावून म्हणाले, "गणपूर्ती झालेली आहे!"

कोणीतरी टाळी वाजवली. अध्यक्षांनी डोळे वटारले. मला हसू आवरेना, मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटले हुंदका आला. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, त्याने हसू आणखी वाढले. हसता हसता खरेच रडू आले, तेव्हा त्यांनी हात काढून घेतला होता.

मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले गेले. त्यात हे हजर होते. त्यांनी तीव्र आक्षेप नोंदवला होता.

मग भाषणे झाली. ह्यांच्याशी उभा जन्म वाद घातलेले एक निवृत्त प्राध्यापक उठले, "माझ्याशी नीट भांडणारा गेला," एवढेच बोलले आणि चष्मा पुसत बसले.

अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वयाने सगळ्यांत मोठे. पत्रिका डोळ्यांजवळ धरून ते वाचत होते. "आयत्या वेळचे विषय. कोणाचे काही?"

हा प्रश्न कोणी उत्तरासाठी विचारत नाही. मी हात वर केला.

"वहिनी?"

"स्पर्धा," मी म्हणाले. घसा कोरडा पडलाच. "यंत्र समोर सुरू करून दाखवायचं, तशीच राहू दे."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. सचिव हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आपल्या भावना समजतात. पण ठराव सभासदानंच मांडावा लागतो."

"मग मी मांडतो!" मागून आवाज आला. तो कांदेफेक्या मुलगा. आता तो शाखेचा सभासद आहे, अंबडला त्याचा कारखाना आहे, पोटही सुटले आहे. "सर, माझं मशीन त्या दिवशी समोर बिघडलं म्हणून मला कळलं काय बिघडलं ते. व्हिडिओ केला असता तर लय भारी दिसला असता, अन् मी आजपण व्हिडिओच काढत बसलो असतो."

"अनुमोदन?" अध्यक्षांनी विचारले.

चष्मा पुसणारे प्राध्यापक उठले. "माझं. तो असता तर मी विरोध केला असता. आता कुणाला करू?"

सचिवांनी शाल या हातावरून त्या हातावर घेतली. "अध्यक्षमहाराज, या विषयावर मला थोडं..."

"कोणाचा विरोध?" अध्यक्षांनी विचारले आणि त्याच दमात म्हणाले, "आता आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहू."

सगळे उठले. सचिवांचे तोंड अर्धे उघडे होते, ते त्यांनी मिटले. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी मान खाली घालायला हवी होती, पण मी ह्यांच्या फोटोकडे पाहत होते. वाद जिंकून घरी आले की चप्पल काढतानाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसायचे. फोटोत ते हसू नव्हते. फोटो पासपोर्टचा होता.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "विरोध आलेला नाही. ठराव एकमताने मंजूर."

सचिवांनी आभार मानले. पत्रिकेत होते म्हणून मानले, पण मनापासून मानले. मग चहा आला. तो घेऊन ते स्वतः माझ्याकडे आले आणि इतका वेळ सांभाळलेली शाल एकदाची माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"मॅडम, स्पर्धा घेऊ आपण. पण पाहुणे आता पहिल्या रांगेत बसायला तयार होत नाहीत हो. परत कांदे उडाले तर?"

"पहिल्या रांगेत मी बसेन," मी म्हणाले.